वेल वाळेपर्यंत थांबायचं असतं

दिवाळीचा फराळ संपत आला, तुळशीचं लग्न लागलं, की स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्यांच्या रांगेत एक वेगळी टोपली दिसायला लागते. कल्याणला दिसते, डोंबिवलीला दिसते, ठाण्यात जांभळी नाक्याकडे जाताना दिसते. शहापूर, मुरबाड, कसाऱ्याकडच्या बायका पहाटेची गाडी पकडून येतात आणि फडकं अंथरून बसतात. त्यांच्यापुढे असतं मातीनं माखलेलं, वेडंवाकडं कोनफळ. केसाळ अळकुड्या. गुलाबी रताळी. सुरणाचा खरबरीत गड्डा. आणि आपलं नशीब असेल तर मूठभर करांदे.

खरं सांगायचं तर दिसायला यातलं काहीच देखणं नाही. नव्या सुना तर नाकच मुरडतात. पण कोनफळ कापून बघा, आतला जांभळा रंग बघून पैठणी आठवेल. त्याचे पातळ काप करून, तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाकावेत. नाहीतर उपासाला तूप-जिऱ्याची फोडणी, हिरवी मिरची आणि वर ओलं खोबरं. सुरण घशाला खाजतो, म्हणून त्याला चिंच किंवा आमसूल हवंच. करांदे नुसते मीठ घालून उकडायचे आणि गरम गरम सोलून खायचे. वसई-पालघरकडच्या मैत्रिणी असतील तर त्यांना उकडहंडी विचारा. कोनफळ, रताळी, वालपापडी असं सगळं मसाला लावून मडक्यात भरायचं, मडक्याचं तोंड पाल्यानं बंद करायचं आणि आपल्याच वाफेवर शिजू द्यायचं. थंडीची पहिली झुळूक आणि उकडहंडी, आणखी काय पाहिजे?

गेल्या वर्षी अशाच एका मावशींकडून मी कोनफळ घेत होते. सवयीप्रमाणे दहा रुपयांची घासाघीस चालली होती. बोलता बोलता मी विचारलं, की श्रावणात एवढे उपास असतात, तेव्हा का नाही आणत हे? त्या हसल्या. मला सांगायला लागल्या, की पावसाळ्यात वेल हिरवा असतो, सगळी ताकद वर पानांत गेलेली असते, तेव्हा खणलं तर हाताला पोचट कंद लागतो. कार्तिकात वेल वाळतो, ताकद परत खाली उतरते, मग कंद भरतो. वेल वाळेपर्यंत थांबायचं असतं. मग जरा थांबून म्हणाल्या, की त्यांची आजी मात्र भर पावसातच खणायची. कारण घरात दाणा नसायचा.

मी दहा रुपयांचा विषय तिथेच सोडला. घरी आले आणि कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं, ‘जेव्हा माणूस जागा होतो’. लेखिका गोदावरी परुळेकर.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या अनेकींनी हे नाव शाळा-कॉलेजात ऐकलं असेल. मराठी घेऊन बी.ए. केलेल्यांनी पुस्तकही वाचलं असेल. पण या बाईंचं आयुष्य ज्या मातीत गेलं ती माती आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याची, आणि त्यातला एक मोठा प्रसंग आपल्या टिटवाळ्याला घडला, हे किती जणींना माहीत आहे?

गोदावरी गोखले यांचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ चा, पुण्याचा. वडील लक्ष्मणराव गोखले नावाजलेले वकील. घर सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी. मुलींना शिकवणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात गोदावरीनं अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि पुढे कायद्याचीही परीक्षा दिली. कायद्याची पदवी घेतलेल्या महाराष्ट्रातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं. वडिलांच्या पाठोपाठ काळा कोट घालून कोर्टात उभं राहायचं, एवढंच बाकी होतं.

पण तो काळ सत्याग्रहाचा होता. गोदावरी चळवळीत उतरल्या आणि १९३२ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. वडिलांना हे पटलं नाही. बापलेकीच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि त्या पुणं सोडून मुंबईला आल्या. वकिलाच्या बंगल्यातली मुलगी मुंबईत एकटीनं राहून समाजकार्य करते, ही गोष्ट तेव्हा किती जणांच्या जिभेवर आली असेल याची कल्पना आपण करू शकतो. नामदार गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात त्या गेल्या. त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य त्याच.

मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेचं काम केलं. आणि आणखी एक काम केलं, जे आपल्याला आजही विचार करायला लावेल. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनी घरकाम करणाऱ्या माणसांची संघटना बांधली. मोलकरीण, घरगडी यांनाही सुट्टी असावी, त्यांच्या कामाचा काही हिशेब असावा, हे तेव्हा कोणाच्या मनातही येत नव्हतं. आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंची एक रजा वाढली तर आजही आपला आवाज चढतो. मग त्या काळी काय असेल?

याच कामात त्यांची शामराव परुळेकरांशी ओळख झाली. शामरावही भारत सेवक समाजातलेच. पुढे दोघांनीही तो समाज सोडला, कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९३९ मध्ये लग्न केलं. लगेच महायुद्ध आलं. युद्धविरोधी प्रचाराबद्दल दोघांनाही तुरुंग भोगावा लागला. बाहेर आल्यावर त्यांनी आपलं क्षेत्र निवडलं, ते म्हणजे ठाणे जिल्ह्यातला शेतकरी. कल्याण, मुरबाड, शहापूर हा भाग त्यांच्या पायाखाली आला.

जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्र किसान सभेचं पहिलं अधिवेशन टिटवाळ्याला भरलं. आपण अंगारकीला ज्या टिटवाळ्याला पहाटेपासून रांगेत उभ्या राहतो, तेच हे टिटवाळं. हजारो शेतकरी जमले होते. त्या गर्दीत उंबरगाव तालुक्यातून आलेले थोडे वारलीही होते. त्यांत माह्या धांगडा नावाचे एक गृहस्थ होते. आपल्याकडे माणसांना कसं वागवतात, हे त्या वारल्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ऐकणारे शेतकरी स्वतः गरीबच होते, पण हे ऐकून तेही सुन्न झाले. गोदावरीबाईंच्या आयुष्याला इथून वळण मिळालं. काही महिन्यांतच त्या डहाणू-उंबरगावच्या जंगलात होत्या.

काय होतं तिथे? जमीन एकेकाळी वारल्यांची होती, ती सावकार-जमीनदारांच्या हातात गेली होती. स्वतःच्याच जमिनीवर वारली कूळ म्हणून राबायचा. पीक निघालं की मालकाचा वाटा खळ्यावरूनच उचलला जायचा. शिवाय मालक बोलावील तेव्हा वेठ, म्हणजे फुकट काम. नांगर धरायचा तर आधी मालकाच्या शेतात, लावणी करायची तर आधी मालकाच्या चिखलात. आपल्या शेताची वेळ टळून गेली तरी ब्र काढायचा नाही. नकार दिला तर मारहाण.

आणि सगळ्यात भयंकर म्हणजे लग्नगडी. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्याचा अर्थच लागला नव्हता. वारली तरुणाला लग्न करायचं तर पैसा लागायचा. तो सावकाराकडून थोडेसे रुपये कर्जाऊ घ्यायचा. त्या बदल्यात तो सावकाराच्या घरी बांधलेला गडी व्हायचा. एकटा तो नाही, त्याची नवी नवरीही. दोघं जन्मभर राबली तरी ते कर्ज फिटत नसे. आणि नवरीवर मालकाचा हक्कच आहे असं मालक समजत. आपल्याकडे हळदीच्या अंगानं मुलगी सासरी जाते, तशी ती मुलगी हळदीच्या अंगानं गुलामीत जायची.

आता पुन्हा कंदांकडे येते. कारण उपाशीपणाचं आणि कंदाचं नातं इथे कळतं. कार्तिकात भात निघायचा. मालकाचा वाटा, मागचं कर्ज, घेतलेली खावटी व्याजासकट वळती झाली की वारल्याच्या घरात जे उरेल ते काही महिनेच पुरायचं. पुढे मोलमजुरी, मोहाची फुलं, रानातला पाला. आषाढ-श्रावणात तर टोपलं रिकामंच. म्हणजे ज्या दिवसांत शेतात सगळ्यात जास्त कष्ट, त्याच दिवसांत घरात सगळ्यात कमी अन्न. मग बायका कुदळ घेऊन रानात जायच्या. वेल हिरवा असतानाच खणायच्या. गोड कंद संपले की कडू कंद. हे कडू कंद नुसते शिजवून खाता येत नाहीत, विष बाधतं. त्यांचे काप करायचे, राख घालून उकळायचे, टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचे, मग पुन्हा शिजवायचे. तेव्हा कुठे पोरांच्या तोंडात घास. आपण एक कुकर लावून तीन शिट्ट्या मोजतो!

म्हणून मला वाटतं, कंद आवडीनं खाणं आणि कंद नाइलाजानं खाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पदार्थ तोच, पण एकीला वेल वाळेपर्यंत थांबता येतं आणि दुसरीला येत नाही. गोदावरीबाईंनी आयुष्यभर जे केलं ते या एका वाक्यात मावतं. त्यांनी त्या बायकांना थांबता येईल असं बळ मिळवून दिलं.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची पहिली मोठी परिषद झाली. आता हे गाव पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात येतं. पाच हजारांच्या आसपास माणसं चालत आली. ठराव अगदी साधे होते. वेठ करायची नाही. मजुरीशिवाय मालकाच्या शेतात पाऊल टाकायचं नाही. मारायला आला तर सगळ्यांनी मिळून उभं राहायचं. पावसाच्या तोंडावर ही माणसं घरोघर, पाड्यापाड्यावर निरोप घेऊन गेली. गोदावरीबाई आणि शामराव पायी फिरत होते, झोपडीत राहत होते. लग्नगडी म्हणून राबणाऱ्या शेकडो माणसांना त्यांनी मालकांच्या दारातून उठवून घरी आणलं. पुण्याच्या वकिलाची लेक आता सगळ्यांची गोदूताई झाली होती.

मला यातली एक गोष्ट फार मोठी वाटते. गोदूताई तिथे दान द्यायला गेल्या नव्हत्या. धान्याची पोती वाटून, फोटो काढून परत येणं सोपं असतं. आम्ही महिला मंडळातर्फे दिवाळीत पाड्यांवर फराळ आणि साड्या वाटायला जातो. त्यात काही वाईट नाही. पण परत येताना गाडीत आपणच आपल्यावर खूश असतो, हेही तितकंच खरं. गोदूताईंनी त्या माणसांना आधी मान वर करायला शिकवलं. घास त्यांनी स्वतःच मिळवला.

त्याची परीक्षा आली ती ऑक्टोबरमध्ये, याच कंदांच्या हंगामाच्या तोंडावर. पाऊस संपला की ठाणे जिल्ह्याच्या डोंगरावरचं गवत कापायचं काम निघायचं. त्याच्या गासड्या मुंबईला जायच्या, तबेल्यांतल्या गुराढोरांसाठी. मुंबईकरांच्या चहातलं दूध कुठेतरी या गवतावर निघायचं. वारल्यांनी मागणी केली, की पाचशे पौंड गवताला अडीच रुपये द्या. मालकांनी नाकारलं. वारल्यांनी विळे खाली ठेवले. घरात दाणा नसताना हातातलं काम सोडायला काय काळीज लागत असेल, हे रोज संध्याकाळी पाच माणसांचं जेवण शिजवणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

१० ऑक्टोबर १९४५ चा दिवस. गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी तलवाड्याला जमा, असा खोटा निरोप कोणीतरी पसरवला. रात्रीतून हजारो वारली तिथे आले. गोदूताई तिथे नव्हत्याच. जमलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. गोळ्या झाडल्या जात असतानाही माणसं उठून जायला तयार नव्हती. आपली ताई इथे कुठेतरी असेल, तिला एकटं कसं सोडायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि एवढं होऊनही वारल्यांनी मालकांवर उलटा हात उचलला नाही, संप मात्र सोडला नाही. अखेर त्याच महिन्यात मजुरी वाढवून मिळाली. वेठ आणि लग्नगड्याची चाल त्या एका वर्षात मोडून पडली.

गोदूताईंना आणि शामरावांना जिल्हाबंदी झाली. १९४६ मध्ये पुन्हा दिवाळीच्या दिवसांत संप झाला, या वेळी जंगलकामाच्या मजुरीसाठीही. पुन्हा गोळीबार, पुन्हा पकडापकडी. स्वातंत्र्य आल्यावर तरी सुख लागावं, पण तसंही झालं नाही. कधी भूमिगत, कधी तुरुंग. आयुष्यातली आठ वर्षं त्यांनी बंदिवासात काढली आणि त्यावर पुढे पुस्तकही लिहिलं. शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. पण १९६४ नंतरच्या धरपकडीत दोघं पुन्हा आत गेले आणि ऑगस्ट १९६५ मध्ये शामरावांचं तुरुंगातच निधन झालं. पंचवीस-सव्वीस वर्षांचा संसार. त्यातला सरळ घरात बसून केलेला किती असेल? मोजलेत तर हाताच्या बोटांवर मावेल.

यानंतर एखादी बाई खचून गेली असती. गोदूताई लिहायला बसल्या. १९७० मध्ये ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झालं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. हे पुस्तक कुठल्याही राजकीय विचाराच्या बाईनं वाचावं. त्यांच्या पक्षाची सगळी मतं आपल्याला पटतीलच असं नाही. मलाही पटत नाहीत. पण पाड्यावरच्या बाईचं दुःख इतक्या जवळून आणि इतक्या साध्या भाषेत सांगणारं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही. त्यात स्वतःचा मोठेपणा कुठेही नाही, हे विशेष.

पुढे १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. त्या पदावर बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तेव्हा वय ऐंशीच्या जवळ आलेलं होतं. आपल्याकडे त्या वयात बाईला फार तर भजनी मंडळाचं अध्यक्षपद मिळतं! ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचं निधन झालं. तलवाड्याच्या गोळीबाराला ५१ वर्षं पूर्ण व्हायला अवघे दोन दिवस बाकी होते. आज तलासरीला त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. सोलापुरात विडी कामगार बायकांसाठी १० हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये त्या घरांचा ताबा दिला गेला, तिलाही गोदूताईंचंच नाव आहे. ज्यांनी स्वतःचं घर कधी नीट मांडलं नाही, त्यांच्या नावानं दहा हजार बायकांच्या चुली पेटल्या.

मग सगळं छान झालं का? नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. मोखाडा-जव्हारचं कुपोषण त्यानंतरही वर्तमानपत्रांत येत राहिलं. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ते पाडे आपल्या जिल्ह्याच्या नकाशातून गेले. पण आपल्या ताटातून गेले नाहीत. दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं वीटभट्टीवर कामाला निघतात, तीही भिवंडी-कल्याणच्याच बाजूला. आपल्या इमारतींच्या विटा त्यांच्याच हातच्या.

परवा पुन्हा त्या मावशी भेटल्या. कोनफळ छान भरलेलं होतं, वजनदार. मी भाव विचारला, त्यांनी सांगितला आणि मी दिला. त्यांनी आपणहून चार करांदे वर टाकले आणि कसे उकडायचे तेही सांगितलं. या वर्षी त्यांच्या घरचं भात बरं झालंय म्हणाल्या. नात दहावीला आहे, आश्रमशाळेत.

घरी येऊन कोनफळाचे काप केले. मुलगी नेहमीप्रमाणे म्हणाली, की हे मातकट काय आणलंस. मग तिला ताटावर बसवून मी गोदूताईंची गोष्ट सांगितली. दोन काप जास्त खाल्ले तिनं. तुम्हीही या आठवड्यात बाजारात गेलात तर ती टोपली शोधा. काप करा, उकडहंडी लावा, मन भरून खा. फक्त खाताना घरातल्या मुलींना एवढं जरूर सांगा, की हा कंद आज कार्तिकात, पूर्ण भरल्यावर आपल्यापर्यंत पोचतो, कारण तो खणणाऱ्या बाईला आता थांबता येतं. आणि तिला थांबता यावं म्हणून एका बाईनं आपलं अख्खं आयुष्य वेचलं आहे.